आई खाली उतरली त्याचे टप्पे

माझी बायको बटण दाबते तेव्हा माझं काम सुरू होतं. हे मी एकदा चारचौघांत बोलून बसलो आणि चारचौघे पोट धरून हसले. मला राग आला. मला राग यायला फार काही लागत नाही, हे घरात आणि कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. पण ते वाक्य अक्षरशः खरं आहे, आणि हल्ली मी ते छाती पुढे काढून बोलतो.

आमची कंपनी इमारतींना लिफ्ट बसवते. मी फिटर, ती वरच्या ऑफिसात नियोजनाला. तिच्या संगणकात प्रत्येक काम टप्प्यांत पाडलेलं असतं: जुनी लिफ्ट काढणे, रूळ लावणे, मशीन, केबिन आणि दारं, मग चाचणी, आणि सगळ्यात शेवटी लोकांसाठी खुली करणे. पुढचा टप्पा करड्या रंगात, कुलूप लावून बसलेला असतो. आधीच्या टप्प्यातलं सगळं तपासून झालं की ती तो टप्पा रिलीज करते. मग करडा रंग जाऊन हिरवा येतो, गोदामातून माल निघतो आणि आमच्या टोळीचे फोन एकदम किणकिणतात. त्याआधी तुम्ही कितीही नाचा, एक नटसुद्धा गोदामाचं दार ओलांडत नाही. कंपनीत तिला 'कुलूप' म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणतात, म्हणजे बघा.

तर या वर्षी आमच्याच इमारतीची लिफ्ट बदलायचं ठरलं आणि काम आमच्याच कंपनीला मिळालं. स्वतःच्या घराची लिफ्ट स्वतःच्या हातांनी बसवणारा फिटर मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी इतका फुशारलो, की जुनी लिफ्ट काढली त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून नव्या लिफ्टचं दार किती हळू बंद होतं ते सांगत होतो. दार अजून गोदामात होतं ही गोष्ट वेगळी.

आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर. मी, बायको आणि माझी आई. आईने उभी हयात मुलींच्या शाळेत कवायत शिकवली. तिच्या एका शिट्टीवर अख्खं मैदान जागच्या जागी थिजायचं, असं तिच्या जुन्या विद्यार्थिनी अजून सांगतात. आता गुडघे गेलेत, पण ताठ मान आणि आवाज दोन्ही शाबूत आहेत. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तळमजल्यावर, तिची धाकटी बहीण राहते, माझी मावशी. मावशीचेही गुडघे गेलेत, पण बाकी सगळं उलटं. ती गुबगुबीत, आळशी आणि सतत हसणारी. आई रोज दुपारी लिफ्टने खाली उतरायची, रस्ता ओलांडायची आणि संध्याकाळपर्यंत मावशीकडे बसायची. दोघी काय बोलायच्या कोण जाणे, पण परत येताना आईचा चेहरा धुतल्यासारखा असायचा.

लिफ्ट निघाली आणि हे बंद पडलं. डॉक्टरांनी आईला सलग जिने उतरायला साफ मनाई केली होती. मग आई बाल्कनीत आणि मावशी समोरच्या फूटपाथवर खुर्ची टाकून, अशी बैठक सुरू झाली. आईचा आवाज पोचायचा. मावशीचा पोचायचा नाही, म्हणून ती हातवारे करायची आणि आई ते मोठ्याने वाचून दाखवायची. कुणाच्या पोटात गॅस आहे आणि कुणाच्या सुनेला भाजी येत नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ झालं. व्हिडिओ कॉल करून दिला, तर आई म्हणाली, "पडद्यावर ती माझ्याकडे बघतच नाही. स्वतःचे केस बघत बसते."

मी एकदा म्हणालो, "आई, मी तुला खुर्चीसकट उचलून नेतो. मशीनं उचलतो मी, तुझं काय एवढं?"

"मी काय कपाट आहे?" ती म्हणाली. "माझ्या पायांनी जाईन, नाहीतर जाणार नाही." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी फक्त मीठ आणि पाणी या विषयांवर बोलली.

महिना असा गेला. लिफ्ट उभी राहिली आणि काय उभी राहिली म्हणून सांगू. आरशासारखी केबिन, आवाज म्हणाल तर मांजराइतका. आता राहिली होती फक्त चाचणी. आमच्याकडे एक नियम आहे: ज्याने बसवली त्याने तपासायची नाही. तपासायला कंपनीचा परीक्षक येतो, वजनं भरून ब्रेक आजमावतो, आणि त्याने हो म्हटल्यावरच बायको शेवटचा टप्पा रिलीज करते. परीक्षक दुसऱ्या गावी एका हॉस्पिटलच्या लिफ्टवर अडकला होता. तो येणार होता सोमवारी.

आणि मावशी जाणार होती शनिवारी. माझ्या मावसभावाने दूरच्या शहरात घर घेतलं होतं, आणि तो तिला कायमची तिकडे नेणार होता. ही बातमी मावशीने फूटपाथवरून हातवाऱ्यांनी सांगितली. आईने ती नेहमीसारखी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "छोटी म्हणतेय की शनिवारी ती कायमची..." आणि तिथेच थांबली. गल्लीत पहिल्यांदा इतकं शांत वाटलं.

बातमी पसरल्यावर इमारतीतले लोक आमच्या दारात यायला लागले. सगळ्यांना वाटत होतं, की फिटर घरात, रिलीज करणारी घरात, मग अडलंय कुठे? इमारतीचे सेक्रेटरी स्वतः आले. चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग बायकोकडे वळले.

"वहिनी, एक बोट तर लावायचंय."

"बोट माझंच आहे ना?" ती म्हणाली. "मग ते कुठे लावायचं हे मला ठरवू द्या."

सेक्रेटरी उरलेला चहा न पिताच उठले. जेवताना मी तोंड उघडलं. लिफ्ट मी बसवली आहे, मी रोज तिच्या छपरावर उभा राहून वरखाली करतो, एकदाच आईला खाली नेऊन आणू, कुणाला कळणारही नाही, वगैरे. बायको जेवत राहिली. मग मी मुद्द्यावर आलो.

"माझ्या हातावर तुझा विश्वास नाही का?"

"आहे की. म्हणूनच तू तपासायचं नाहीस. विश्वास असलेला माणूस नीट तपासत नाही, आणि तुझा स्वतःवर जरा जास्तच आहे." तिने मला आणखी एक पोळी वाढली. "परीक्षकाला मी सकाळपासून चार वेळा फोन केलाय. हॉस्पिटल सोडून ये, असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?"

मी ताटावरून उठणारच होतो. आईने हात वर केला, मैदानावर करायची तसा, आणि मी बसलो.

"डॉक्टर काय म्हणाला होता? सलग जिने नको. सलग," ती म्हणाली. "तुकड्यातुकड्यांनी नको असं म्हणाला का? हिच्या लिफ्टा टप्प्यांनी वर चढतात, तर मी टप्प्यांनी खाली उतरेन. काय गं, होईल का?"

मला वाटलं, बायको हसेल. तिने हात धुतले, डॉक्टरांना फोन लावला आणि कागद न घेता उभ्याउभ्या सगळं विचारून घेतलं. एक मजला उतरल्यावर किती बसायचं, कुठली खूण दिसली की थांबायचं, कठडा कुठल्या हाताला हवा. डॉक्टर म्हणाले, जमेल, पण गुडघ्यावर सूज दिसली की तिथेच पूर्णविराम. फोन ठेवून ती आईसमोर बसली.

"आई, एका मजल्याचा एक टप्पा. प्रत्येक मजल्यावर मी तपासणार. मी रिलीज केलं तरच पुढे. मी नाही म्हटलं तर नाही. आहे कबूल?"

"मी आयुष्यभर दुसऱ्यांना 'सावधान' म्हटलंय," आई म्हणाली. "एक दिवस तू मला म्हण."

ही दोघींमधली बोलणी मी खरकटं ताट समोर घेऊन ऐकत होतो, आणि मला कुणी विचारलंही नाही.

शुक्रवारी बायकोने कंपनीच्या संगणकात सरावासाठी एक कोपरा असतो, त्यात काम उघडलं. नाव दिलं 'आई: खाली'. कामाचा साचा घेतला लिफ्टचाच, कारण तिला दुसरा साचा हाताशी नव्हता. पाच टप्पे, पाचही करडे. परतीचाही विचार तिने केला होता: आई मावशीला निरोप देऊन पाचव्यापर्यंत न चढता, सावकाश दोनच मजले चढून दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंकडे मुक्काम करणार आणि सोमवारनंतर लिफ्टने वर येणार. गाण्याच्या बाई एवढ्या आनंदल्या, की त्यांनी आईसाठी पलंगाची चादर बदलली.

शनिवारी सकाळी आईने बूट घातले. कवायतीचे पांढरे बूट, नाड्या आवळून. बायकोने तिचे गुडघे दाबून पाहिले, फोनवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "टप्पा पहिला, रिलीज."

माझा फोन किणकिणला. मी बघतो तर कामाचा निरोप: 'आई: पाचवा ते चौथा मजला.' मी बायकोकडे पाहिलं. तिने कपाळावर हात मारला. लिफ्टचा साचा घेतल्यावर त्यात आमची टोळी आपोआप आलेली होती. म्हणजे हा निरोप माझ्याच नाही, तर माझ्या दोन्ही जोडीदारांच्या, जाड्या आणि लंबूच्या फोनवरही गेला होता, सुट्टीच्या दिवशी.

"आता त्यांना सांग, काम खोटं आहे म्हणून," ती म्हणाली.

"खोटं कुठे आहे?" आई कठडा धरून म्हणाली. "चला."

ती उतरायला लागली. एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी, मग श्वास. मी दोन पायऱ्या खाली, उलट्या तोंडाने, हात पसरून. "हात खाली कर," ती म्हणाली, "मी कोंबडी नाही." मी हात खाली केले, पण बोटं ताठच ठेवली.

चौथ्या मजल्यावर शिंप्याने आपली शिवणयंत्राची खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. आई बसली. बायकोने तपासलं, पाणी दिलं, बोट ठेवलं. दुसरा टप्पा रिलीज. तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरताना आई एकदाही थांबली नाही, उलट मधल्या वळणावर तिने मला सांगितलं, की कठड्याचा एक गज हलतोय आणि सेक्रेटरींना कळव. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. माझी आई आहे ही, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सगळ्यांना ते माहीतच होतं. जिन्याच्या वरच्या टोकाला अर्धी इमारत जमली होती.

तिसऱ्या मजल्यावर जाड्या आणि लंबू धापा टाकत वर आले. जाड्याच्या खांद्यावर लिफ्टच्या मोटारी उतरवायचे पट्टे होते.

"आज सुट्टी असून आलात?" मी म्हणालो.

"काम हिरवं झालं होतं," लंबू म्हणाला. "म्हटलं, कुलूप उगाच रिलीज करणार नाही." मग बायको शेजारीच उभी दिसली आणि तो खोकला.

"पट्टे कशाला?" बायकोने विचारलं.

"कामाचा प्रकार 'जड वस्तू उतरवणे' असा आलाय. त्याला पट्टे आपोआप लागतात."

आईने जाड्याकडे असं पाहिलं, की त्याने पट्टे पाठीमागे लपवले. पण बायकोने तिसरा टप्पा रिलीज केला तेव्हा तिघांचेही फोन एकदम वाजले, आणि आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलेलं मी पाहिलं. एवढी माणसं आपल्या उतरण्यासाठी कामावर लागली आहेत, हे तिला आवडलं होतं.

तिसऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत मात्र आई बदलली. वळणावर ती जास्त वेळ उभी राहिली. शेवटच्या पायऱ्यांना तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या मजल्यावर गाण्याच्या बाईंच्या दारात ती खुर्चीत बसली, तेव्हा खालून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मावसभावाची गाडी समोर लागली होती आणि सामान चढत होतं.

बायको गुडघे टेकून बसली. तिने आईच्या उजव्या गुडघ्यावर बोट दाबलं आणि उचललं. पुन्हा दाबलं. मग फोन पदराखाली ठेवला.

"आई, इथे थांबायचं."

"दोनच मजले राहिलेत गं."

"सूज आलीय. पुढचा टप्पा बंद."

मी भडकलो. "कसला बंद? ती समोर गाडीत बसतेय. आयुष्यभराची बहीण आहे, तुझं ते करडं-हिरवं घालशील का जरा खड्ड्यात?"

ती उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज अगदी साधा होता. "पुढच्या जिन्यात हा गुडघा वाकला, तर तू खाली उभा असशील आणि त्या तुझ्या अंगावर येतील. मग मावशींना निरोप द्यायला कोण जाणार? मला माहीत आहे मी काय अडवतेय. तुला वाटतं तेवढं मला सोपं नाही हे."

मी आईकडे वळलो. म्हटलं, आता ही शिट्टी मारेल. आई डोळे मिटून बसली होती.

"हिने नाही म्हटलं ना," ती म्हणाली. "मग नाही. लंबू, जा बाबा, छोटीला सांग, ताई दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती."

जिच्या शब्दावर शेकडो मुली वळायच्या, ती दोन जिन्यांच्या अंतरावर असलेली बहीण सोडून सुनेच्या शब्दावर थांबली. मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी अभिमानही वाटत होता. कुणाचा अभिमान, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. दोघींचा असणार.

लंबू पळत गेला आणि पळत परत आला.

"त्या म्हणतात, मग मला न्या वर."

"तिला कुठे जिने जमतात?" आई म्हणाली.

"चालत नाही हो. त्या म्हणाल्या, तुम्ही मोटारी उचलता ना, मग मला उचला."

जिन्यात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. महिनाभर दोन बहिणी रस्त्याच्या दोन बाजूंनी घसा फोडत होत्या. महिनाभर आम्ही लिफ्ट, डॉक्टर, परीक्षक आणि टप्पे यांवर भांडत होतो. आईला उचलायचं नाव काढलं की ती घर डोक्यावर घेते, म्हणून मावशीला उचलून आणावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अख्ख्या कंपनीची कामं आखणारी माझी बायको भिंतीला टेकली.

"मावशींना कुणी विचारलं होतं?" तिने विचारलं. कुणीच विचारलं नव्हतं.

मावशी आली ती चौकोनी खुर्चीत, पट्ट्यांनी बांधलेली, जाड्या पुढे, लंबू मागे, आणि हसत हसत. "अरे, जरा हळू, मी पडले तर जिना तुटेल." दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकली तेव्हा तिचं हसणं थांबलं. तिने आईचे पांढरे बूट पाहिले, मग सुजलेला गुडघा.

"ताई, तू चालत आलीस?"

"मग काय उडत?"

"पाचव्यावरून?"

जाड्याने मावशीची खुर्ची पुढे सरकवली आणि तिने आपला जाडजूड हात आईच्या गुडघ्यावर ठेवला. मग आई म्हणाली, "लहानपणापासून हिला सगळे उचलूनच घेतात. मीसुद्धा घ्यायचे. शाळेतून यायचे ती हिला कडेवर घेऊन." आणि ती रडायला लागली. माझी आई चारचौघांत रडलेली मी कधीच पाहिली नव्हती. मावशी तिच्याबरोबर रडली, आणि मग कुठली तरी जुनी गोष्ट निघाली आणि दोघी हसायला लागल्या. दोघी इतक्या हळू बोलत होत्या, की महिनाभर सगळं ऐकणाऱ्या गल्लीला आता एक शब्दही ऐकू येत नव्हता. आम्ही सगळे दोन-दोन पायऱ्या मागे सरकलो.

शेवटी मावसभाऊ वर आला. बिचारा दोन वेळा घसा खाकरून म्हणाला, "आई, रस्ता लांबचा आहे." जाड्या आणि लंबूने मावशीच्या खुर्चीचे पट्टे आवळले. आई बघत होती. आधी पट्ट्यांकडे, मग मावशीच्या तोंडाकडे, मग जिन्याकडे.

"काय गं," ती बायकोला म्हणाली. "टप्पा बंद आहे तो पायांसाठी ना?"

"हो."

"आणि खुर्चीत बसून गेले तर?"

बायको तिच्याकडे बघत राहिली.

"तो वेगळा टप्पा झाला, आई," ती सावकाश म्हणाली. "तो तपासावा लागेल."

"मग तपास की. उभी काय राहिलीस?"

आणि तिने तपासलं. इतक्या घाईत, गाडी दारात उभी असताना, तिने उरलेला प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. खुर्चीचे पाय हलवून पाहिले, नको म्हणाली, आणि गाण्याच्या बाईंची दुसरी, मजबूत खुर्ची मागवली. पुढे कोण, मागे कोण, विचारलं. पुढे मी, मागे मावसभाऊ. मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "दुखत नाही ना? खरं सांग." मी खरं सांगितलं, दुखत नाही. तिने फोन काढला आणि टप्पा नव्याने लिहिला. माझा फोन वाजला. 'आई: दुसरा मजला ते रस्ता.' खाली जबाबदारी म्हणून एकच नाव होतं, माझं.

आम्ही आईला उचललं. लोखंडाची मशीनं मी आयुष्यभर उचलत आलोय, पण माझी आई एवढी हलकी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती ताठ बसली होती, मान वर, हात मांडीवर, जणू परेडची सलामी घ्यायला निघालीय. पुढे मावशीची खुर्ची आणि मागे आईची, बाजूने बायको, एक हात आईच्या पाठीशी. वळणावर मावशीने मान वळवून पाहिलं.

"ताई, तू? तुला उचललं यांनी?"

"मला कुणी उचलत नाही," आई म्हणाली. "मला रिलीज केलंय. माझ्या सुनेनं."

खाली रस्त्यावर आम्ही तिला गाडीजवळ उतरवलं. ती उठून उभी राहिली. मावशी गाडीत बसली, काच खाली केली, दोघींनी एकमेकींचे हात धरले, मग सोडले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आई उभी होती. तिचे पाय लटपटायला लागले, तेव्हा मी घाईने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. तिने बायकोचा हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि म्हणाली, "आता बसू का गं?"

"बसा, आई," बायको म्हणाली, आणि मी खुर्ची पुढे सरकवली.